लाल काच

“अंकल, मैडम के माथे पर एक छोटा-सा दाग था, वो मैंने साफ कर दिया,” स्टुडिओतली मुलगी म्हणाली. म्हणाली तीही अशा सुरात, की पदरमोड करून तिनं मोठा उपकारच केला होता. नव्या प्रिंटवर वाकलेले अच्युतराव तसेच वाकलेले राहिले. टी. टी. नगरच्या बाजारातलं हे दुकान त्यांना नवं नव्हतं. एके काळी याच काउंटरशी उभं राहून ते फोटोच्या कागदाच्या खोक्यावरची तारीख वाचत, रसायनाची बाटली हलवून तळाशी साका बसलाय का ते पाहत, आणि जुना मालक “आइए इंजीनियर साहब” म्हणत स्टूल पुढे सरकवी. आता तो मालक नव्हता, स्टूल नव्हतं, आणि मागच्या फळीवर कॉफीच्या मगांवर छापलेली कुणाकुणाची बाळं हसत होती. “दाग?” अच्युतराव म्हणाले. “मेरे प्रिंट पर?” “हाँ अंकल, पुराना फोटो है ना, आ जाता है.” “बेटा, ये प्रिंट मैंने बनाया है. मेरे प्रिंट पर दाग नहीं होता.” मुलीनं मान तिरकी केली. सुतकातला म्हातारा आहे, दाढी वाढलेली आहे, याच्याशी काय वाद घालायचा, असा हिशेब तिनं मनात केलेला त्यांना स्पष्ट दिसला. “स्क्रीन पे दिखाऊँ? पहले का और बाद का?” “रहने दो,” अच्युतराव म्हणाले. आपल्या कामातला दोष दुसऱ्याच्या पडद्यावर बघायला ते काही अजून इतके खाली आले नव्हते. त्यांनी जुनी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली, नवं मोठं पुठ्ठ्याचं पाकीट काखेत मारलं आणि पायऱ्या उतरले.

रिक्षात बसल्यावर राग जास्त चढला. डाग! साऱ्या टाउनशिपमध्ये त्यांचा हात माहीत होता. प्रिंट चांगला धुतला नाही म्हणून पिवळा पडला, बोट लागलं, धुळीचा कण राहिला, असा एक कागद त्यांनी कधी घराबाहेर जाऊ दिला नव्हता. पोरगं तापानं फणफणलेलं असतानाही बादलीतलं पाणी बदलत बसलेला माणूस तो. आणि हा प्रिंट तर साधा नव्हता. त्यांनी आयुष्यात एकच खरा फोटो काढला असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी वाद घातला असता, पण आतून त्यांनाही ते ठाऊक होतं. गेले दहा-अकरा दिवस घरात याच फोटोवरून धुसफूस चालली होती. तेराव्याला लोक येणार, हार घालायला इंदुमतीचा फोटो हवा. दिलीपनं, त्यांच्या मुलानं, मोबाइलमधून चार-पाच रंगीत फोटो काढून दाखवले: एकात ती कुणाच्या तरी लग्नात पुरी खातेय, एकात डोळे मिटलेले, एकात मागं कुलरचं खोकं. “यातला नाही,” अच्युतराव म्हणाले, “तो भिंतीवरचा लावायचा. मोठा करून.” यावर उषा, इंदुमतीची धाकटी बहीण, इंदूरहून आली होती ती, पदर खोचून पुढं आली. “भाऊजी, असं कसं चालेल? ताई सवाष्ण गेली. मोठ्या पुण्यानं मिळतं असं मरण. आणि फोटो बिनकुंकवाचा लावून राहिले तुम्ही? लोक काय म्हणतील?” दिलीप मध्ये पडला. “बाबा, सिंपल आहे. स्टुडिओवाले कम्प्यूटरवर कुंकू लावून देतील, साडीला थोडा कलर देतील. दो मिनिट का काम है.” अच्युतराव इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या घराची खिडकी उघडली. “माझ्या प्रिंटला कुणी हात लावायचा नाही. आहे तसा मोठा होईल, नाही तर लावूच नका.” मग दुसऱ्या कुणावर भरवसा नको म्हणून सुतकातच स्वतः फ्रेम घेऊन बाजारात आले. आल्या आल्या दुकानातल्या मुलीला तीनदा बजावलं, कुछ जोड़ना नहीं है, कुछ नहीं. जोडलं नाही बिचारीनं काही. काढलं.

रिक्षा होशंगाबाद रोडला लागली तशी वाऱ्यानं वर्तमानपत्र फडफडायला लागलं. त्यांनी फ्रेम छातीशी धरली. इंदूला कधी अशी धरली होती का, असा एक विचार आला, आणि त्यांनी तो माशी हाकलावी तसा हाकलला. साताऱ्याहून ते भोपाळच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा टाउनशिपचे रस्ते नवे होते आणि क्वार्टर्स एका साच्यातून काढलेल्या विटांसारखे. पुढं एक गुलमोहर, मागं एक चौकोनी अंगण, कपडे वाळत घालायची तार. शिफ्टचा भोंगा झाला की सगळ्या गल्लीतून एकाच वेळी सायकली निघत. संध्याकाळी सगळ्या स्वयंपाकघरांतून एकाच वेळी फोडणीचा वास. माणूस अशा ठिकाणी एक तर पत्त्यांत पडतो नाही तर बढतीच्या मागे लागतो. अच्युतराव फोटोत पडले. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कपडा ठोकला, पाटावर ट्रे मांडले आणि वर लाल दिवा टांगला. नव्यानं लग्न होऊन आलेल्या इंदुमतीला पहिल्या आठवड्यातच कळलं, की रविवारी अंघोळ सकाळी सातच्या आत उरकायची. त्यानंतर न्हाणीघर आपलं नव्हे. ती कुरकुरली नाही. उलट आत येऊन उभी राहू लागली. पांढऱ्या कागदावर पाण्याखाली हळूहळू एखादी चिमणी, एखादं झाड उगवताना बघून पहिल्यांदा ती “अगबाई!” म्हणाली होती. तेव्हा अच्युतरावांना वाटलं होतं, हिला कळतंय. त्या लाल दिव्यात तिचा चेहरा त्यांना फार आवडे. लाल उजेडात लाल रंग दिसत नाही. तिचं कुंकू पुसल्यासारखं नाहीसं होई आणि कपाळ नितळ, दगडात कोरल्यासारखं दिसे. बाहेर, उजेडात, ती रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावी. मेणावर पिंजर, जुन्या बायकांसारखं. ते त्यांना गावंढळ वाटायचं. एकदोनदा बोलूनही दाखवलं. “जरा लहान लाव. टाउनशिपमधल्या बायका बघ, टिकल्या लावतात.” त्यावर ती हसून म्हणाली होती, “लांबून दिसायला नको होय, तुम्ही आहात म्हणून?”

त्या वर्षीच्या संक्रांतीला त्यांची आई साताऱ्याहून आली होती. हिवाळ्यातलं भोपाळचं आकाश असं निळं असतं, की फोटोवाल्यानं घरात बसणं पाप. अच्युतराव सकाळीच कॅमेरा घेऊन कारखान्याच्या मागच्या बाजूला गेले आणि चिमणीच्या मागचे ढग टिपले. आकाश काळंभोर यावं म्हणून भिंगावर लाल काच चढवली होती. लाल काचेतून निळ्याचं काळं होतं आणि लाल ते पांढऱ्यात जमा होतं, हा त्या काचेचा गुण. त्यांचा कॅमेरा जुना, दोन भिंगांचा: वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. काच बसवायची ती खालच्याला, त्यामुळं बघणाऱ्याला जग आहे तसंच दिसतं. दुपारी उशिरा इंदुमती महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाहून आली. काळी चंद्रकळा, अंगभर पांढरे ठिपके, हातात वाणाची वाटी आणि तिळगुळाची पुडी, आणि साऱ्या टाउनशिपच्या सवाष्णींनी एकावर एक बोटं टेकवून कपाळ नुसतं माखून टाकलेलं. सासू विधवा, ती काही हळदीकुंकवाला जाणारी नव्हे. ती मागच्या दाराशी गहू निवडत बसली होती. इंदू तिला वाण दाखवायला अंगणात आली, कुणी तरी गल्लीतून हाक मारली म्हणून मान वर करून वळली, आणि अच्युतराव ओसरीतून म्हणाले, “थांब. हलू नकोस.” सकाळी लावलेलं सगळं कॅमेऱ्यावर तसंच होतं. ऊनही तसंच होतं. बटण दाबताना त्यांच्या बोटाला त्या काचेचं थंडगार कडं लागलं. हे त्यांनी पुढं कुणालाच सांगितलं नाही. काच काढायला दोन क्षण लागले असते, आणि दोन क्षणांत तिची मान खाली आली असती. कुंकवाचा विचार त्यांच्या मनात आला नाही. आकाशाचा आला.

रविवारी प्रिंट ट्रेमध्ये उगवला तेव्हा ते भारावून गेले. काळं आकाश, काळी साडी, ठिपके चांदण्यांसारखे आणि मध्ये फक्त तो चेहरा, स्वतःचा उजेड असलेला. लाल दिव्याखाली ती त्यांना जशी दिसायची तशीच ती कागदावर होती, म्हणून काही चुकलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते ओला प्रिंट घेऊन ते अंगणात आले तेव्हा. आईनं बघितलं. सूप खाली ठेवलं. अंगारा लावावा तसा तिचा हात आपल्याच कपाळाकडे गेला आणि ती अगदी हळू म्हणाली, “अच्युता, माझं कपाळ तिला कशाला दिलंस रे?” त्यांनी हसण्यावारी नेलं, काचेचा गुण समजावून सांगितला, लाल काच राहून गेली म्हणाले. आईला निळ्यातांबड्याचं शास्त्र काय कळणार. ती दुसऱ्या दिवशी मारुतीला तेल घालायला गेली.  इंदुमती बोलली ती दोन दिवसांनी, प्रिंट वाळून सपाट झाल्यावर. “अहो, एक ठिपका तेवढा द्या ना काढून. धुळीचे पांढरे डाग तुम्ही ब्रशनं भरताच की.” “ते वेगळं. धूळ ही चूक असते. हे चित्र आहे. निगेटिव्हमध्ये जे नाही ते मी घालणार नाही. खोटेपणा होतो तो.” इंदुमतीनं जरा विचार केला. “पण होतं ना कपाळावर? अख्ख्या मंडळानं लावलेलं होतं. खोटं तर तुमच्या काचेनंच सांगितलं.”  उत्तर नसलं की माणूस चिडतो, आणि अच्युतराव त्या बाबतीत चारचौघांसारखेच होते. “तुला यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. त्या घरात हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं, आणि मग त्याची वाट पडली.

त्यात टाउनशिपच्या क्लबात प्रदर्शन भरलं. राज्यभरातून फोटो आले होते आणि पहिलं बक्षीस याला मिळालं. परीक्षकांनी विचारलं तेव्हा अच्युतराव घसा साफ करून म्हणाले, लाल काच त्यांनी मुद्दाम वापरली होती, स्त्रीचं एकटेपण दाखवायला. घरी “राहून गेली”, दारी “मुद्दाम”. आणि गंमत अशी की दोन्ही ठिकाणी आपण खरंच बोललो असं त्यांना वाटत होतं. कारखान्यातल्या पेंट शॉपमधला दिगंबर, मूळचा ग्वाल्हेरचा, फोटोपुढून हलेना. “यार अच्युत, काय चीज बनवली आहे! बाईकडे पाहून रडू येऊन राहिलं.” इंदुमती जांभळी इरकल नेसून, तिचं ते रुपयाएवढं कुंकू लावून एका बाजूला उभी होती. एका साहेबांच्या बायकोनं फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. “आपकी बहन हैं? चेहरा बहुत मिलता है. बेचारी... इतनी कम उम्र में.” अच्युतराव शेजारीच होते. त्यांना वाटलं आता ही हसेल, सांगून टाकेल. इंदुमती म्हणाली, “जी.” एवढंच. घरी येताना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर ती बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसली होती आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिला सायकलवर थंडी वाजली असेल, असं त्यांनी त्या वेळी ठरवून टाकलं. ठरवून टाकणं सोपं असतं. तोच प्रिंट, फ्रेम करून, मग क्वार्टरच्या आतल्या खोलीत लागला. तिनं त्याच्याखालून रोज केर काढला.

चाळिशी लागली तशी बारीक काम अच्युतरावांच्या डोळ्यांना झेपेना. धुळीचे डाग भरायचं काम मग इंदुमतीवर आलं. हौसेनं नव्हे, नाइलाजानं त्यांनी तिला शिकवलं: शाई पाण्यासारखी पातळ करायची, ब्रश टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा, ओठांत धरून टोक करायचं आणि रेघ कधी मारायची नाही, नुसतं टेकवायचं. एकदम काळं करायचं नाही. फिकं लाव, वाळू दे, मग त्यावर दुसरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काम संपलं की डाग कुठं होता ते सांगता आलं नाही पाहिजे. दिसलं तर ते काम नव्हे. तिला ते जमलं, त्यांच्याहून चांगलं जमलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. खिडकीशी ती चष्मा नाकावर ओढून बसायची, श्वास रोखून एक ठिपका टेकवायची, मग श्वास सोडायची. त्यांच्या चिमण्या, त्यांचे तलाव, त्यांच्या भिंती, त्यांची ओसाड बाकं, सगळ्यांवरचे पांढरे डाग तिनं भरले. एकदा ते पचमढीहून कॅमेऱ्याचं ओझं घेऊन परत आले तर दार उघडताना तिच्या खालच्या ओठावर काळा ठिपका. “शाई प्यायलीस की काय?” ते म्हणाले. “ब्रश वाळलाय का बघत होते,” ती म्हणाली आणि पदरानं ओठ पुसला. त्या आठवड्यात डाग भरायला काहीच काम नव्हतं, हेही तेव्हा त्यांच्या डोक्यात येऊन गेलं होतं. पण पचमढीच्या कड्याकपाऱ्यांनी भरलेली रिळं पिशवीत होती. ते तसेच न्हाणीघरात गेले.

रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. “अंकल, बाग सेवनिया आ गया, कौन-सी गली?” अच्युतरावांनी हातानं दाखवलं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून बांधलेलं हे घर. न्हाणीघरात खिडकीला काळा कपडा नव्हता, लाल दिवा नव्हता, रसायनंही मिळेनाशी झालेली. ट्रेमध्ये इंदुमतीनं तुळशीची रोपं लावली होती. जायच्या आधीचे महिने ती आतल्या खोलीत पडून असायची, पलंग असा की समोर हाच फोटो. एकदा म्हणाली, “मी तुमच्या आधी जातेय, बरं झालं.” ते म्हणाले, असं बोलू नये. ती म्हणाली, “का? तेवढंच एक माझ्या मनासारखं होतंय.” ती गेल्यावर उषानं आणि शेजारणींनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली आणि कपाळभर मळवट भरला, ओंजळीनं. सगळे रडत होते. अच्युतराव पायाशी उभे होते आणि त्यांच्या डोक्यात आलं, हा एवढा लाल, साध्या फिल्मवर काळाच येईल. मग आलं, लाल काचेतून पांढरा येईल. पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बायको समोर पडलेली आणि या माणसाच्या डोक्यात हे. त्या क्षणी त्यांना स्वतःची जी भीती वाटली होती ती त्यांनी अजून कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगण्यासारखं जे एक माणूस होतं ते गेलं होतं.

घरात उषा आणि दिलीप वाट बघत होते. दिलीपनं पुठ्ठ्याचं पाकीट उघडून नवा फोटो दिवाणावर उभा केला. मोठा, चकचकीत, काळं आकाश शाईसारखं. “बढिया आलाय, बाबा,” दिलीप मनापासून म्हणाला. उषानं एकदाच बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. “फोटो चांगला आहे भाऊजी, मी नाही कुठं म्हणते. पण हे कपाळ... देवा. कसं भुंडं दिसतंय.” अच्युतरावांनी बघितलं. आणि त्यांना काही तरी खटकलं. कपाळ भुंडं होतं हे तर त्यांना आयुष्यभर माहीत होतं. त्यावर तर ते भांडले होते, जिंकले होते. पण हे कपाळ ते नव्हतं. भिंतीवरचा चेहरा, रोज आजूबाजूनं जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारा, तो इतका मोकळा नव्हता. तिथं कुठं तरी नजर टेकायची. इथं ती घसरत होती. दुकानातल्या मुलीचा आवाज त्यांच्या कानात आला: एक छोटा-सा दाग था. ते जुनी फ्रेम घेऊन आतल्या खोलीत गेले.

दुपारचं ऊन खिडकीत होतं, ती बसायची तिथंच. त्यांनी खिळे उपसून मागचा पुठ्ठा काढला, प्रिंट कडेनं धरून बाहेर घेतला, कपाटातून निगेटिव्ह बघायचं भिंग आणलं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा त्याला लावला. कपाळ पुढं आलं, कागदाचा दाणा पुढं आला. आणि दोन भुवयांच्या मध्ये, जिथं असायला हवं अगदी तिथं, तो होता. डाग नव्हता. धूळ नव्हती. फिकं लावून, वाळू देऊन, त्यावर दुसरं टेकवून, त्यावर तिसरं, अशा बारीक ठिपक्यांचा एक गोल. एकही रेघ नाही. कडा कशा कातडीत विरून गेलेल्या. पहिला विचार जो त्यांच्या मनात आला तो असा, की राखाडी किंचित गडद झालाय, अर्धी पायरी फिका हवा होता. हा विचार आधी आला याची त्यांना किळस आली.  त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. ओठावरचा तो काळा ठिपका त्यांना आठवला, पदरानं पुसलेला. दार उघडतानाचा तिचा चेहरा आठवला, चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा. पचमढीची ती फेरी क्वार्टर सोडण्याच्याही किती तरी आधीची. तेव्हापासून हा इथं होता. ते याच्याखाली झोपले, याच्यासमोर दाढी केली, आल्यागेल्याला खांद्यावर हात ठेवून याच्यापुढं उभं केलं आणि सांगितलं, बघा, या प्रिंटवर ब्रश लागलेला नाही. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असायची तेव्हा. ऐकत असायची.

“बाबा, काय झालं?” दिलीप दारात होता, त्याच्यामागं उषा. अच्युतरावांनी प्रिंट पुढं केला. “हा लाव.” “बाबा, पण तो मोठा इतका मस्त आलाय, आणि हा इतका छोटा—” “हा लाव म्हणतो ना. कपाळ बघ.” दिलीपनं बघितलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. “क्या है? मला तर काहीच दिसत नाही.” अच्युतरावांनी भिंग त्याच्या हातात दिलं. दिलीप खिडकीशी वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही. “टिकली?” तो म्हणाला. “ये कब... तुम्ही लावली?” “मी नाही. आईनं.” उषानं भिंग हिसकावूनच घेतलं. तिला सापडायला वेळ लागला. मग सापडलं. “अगं बाई, ताई,” ती म्हणाली. डोळे पुसले, पुन्हा बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “पण भाऊजी, ताईचं कुंकू कसं असायचं, रुपयाएवढं. गल्लीच्या टोकावरून दिसायचं. आम्ही चिडवायचो तिला. फोटोत लावायचंच होतं तर एवढंसं कशाला लावेल ती? तिळाएवढं?”

अच्युतराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आकाश निळं होतं.

“मला दिसू नये म्हणून,” ते म्हणाले.